पेशीपटलातील कोलेस्टेरॉल व कर्कपेशीची चाल : एक चिकित्सा

कर्कगाठ प्राणघातक ठरते ती बहुधा मूळ जागी होणाऱ्या वाढीमुळे नव्हे. तिच्यातील काही पेशी जागा सोडून रक्तवाहिन्यांत व लसीकावाहिन्यांत शिरतात आणि फुप्फुस, यकृत, अस्थी अशा दूरच्या ठिकाणी वस्ती करतात. घात होतो तो त्यामुळे. जागा सोडावयाची तर पेशीला प्रथम आपला आकार मोडावा लागतो. शेजारणीशी असलेली जवळीक तोडणे, एका अंगाने पाय पुढे काढणे, मागचे अंग आखडून घेणे, अरुंद फटीतून स्वतःला पिळून काढणे ही सर्व कामे तिला करावी लागतात, आणि या प्रत्येक कामात तिच्या भोवतीच्या पातळ पटलाचा संबंध येतो. या पटलातील एक प्रमुख घटक कोलेस्टेरॉल होय. तेव्हा कर्कपेशीचा आकार व हालचाल यांवर या घटकाचा काही ताबा असला पाहिजे, ही कल्पना स्वाभाविक आहे. या कल्पनेभोवती गेल्या पंचवीस वर्षांत विपुल संशोधनपर लेखन झाले आहे. त्यातील पुष्कळसे मोलाचे आहे. परंतु त्यातून काढलेले निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावू लागले आहेत.

हा वाद प्रयोगशाळेपुरता मर्यादित असता तर तो तज्ज्ञांवर सोपविता आला असता. परंतु कोलेस्टेरॉल हा शब्द आता घरगुती झाला आहे. रक्ततपासणीचा कागद हाती आला की त्यावरील त्या एका आकड्याकडे लक्ष जावे, आणि तुपाचा चमचा जेवणातून वजा व्हावा, हे बीड-अंबाजोगाईकडेही आता नित्याचे आहे. ‘कोलेस्टेरॉलमुळे कर्कपेशी पळू लागते’ असे एखादे सुटे वाक्य अशा वातावरणात पडले, तर त्याचा अर्थ प्रयोगकर्त्याच्या मनातील अर्थाहून अगदी निराळा होतो. बीड जिल्ह्यात तर कर्करोग या शब्दाची किंमत स्त्रियांनी फार मोठी मोजलेली आहे. ती कशी, हे पुढे येईल.

प्रथम मूळ पदार्थ पाहू. पित्तखड्यांतून मिळणाऱ्या या पदार्थाला शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नाव दिले. त्याचा रेणू चार वलयांचा, आखूड आणि ताठर असतो. एका टोकाला पाण्याशी सलगी करणारा लहानसा गट आणि दुसऱ्या टोकाला स्निग्ध शेपूट. पेशीपटल हे स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असते, हे गोर्टर व ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या पेशींवरून हिशेबाने दाखविले. सिंगर व निकोल्सन यांनी १९७२ मध्ये या पटलाचे प्रवाही स्वरूप मांडले. या दोन थरांतील स्निग्ध रेणूंच्या शेपटांमध्ये कोलेस्टेरॉलचा रेणू पाचरीसारखा बसतो. शरीराच्या उष्णतेला तो शेजारच्या रेणूंची चुळबुळ आवरतो. उष्णता उतरली असता त्यांना एकमेकांवर घट्ट रचू देत नाही. बाह्य पटलातील एकूण स्निग्ध रेणूंपैकी सुमारे एकतृतीयांश किंवा त्याहून काहीसे अधिक रेणू कोलेस्टेरॉलचे असतात. म्हणजे हा पदार्थ पेशीवर लादलेला मळ नव्हे. तो नसेल तर पेशी टिकणार नाही. लोकव्यवहारात त्याला जी खलनायकाची भूमिका मिळाली आहे ती रक्तवाहिन्यांच्या विकारांतून आली; पेशीविज्ञानात तिला आधार नाही.

आकाराच्या बाबतीत पहिला धक्का बसतो तो येथे. कोलेस्टेरॉल पटलाला ताठर करते हे कृत्रिम पटलांवरील प्रयोगांतून ठाऊक होते. तेव्हा ते काढून घेतले की पेशी मऊ व्हावी, अशी अपेक्षा होती. बायफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये महारोहिणीच्या आतील अस्तराच्या पेशींवर हे करून पाहिले, तेव्हा उलटेच घडले : कोलेस्टेरॉल घटताच पेशी अधिक ताठर झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी क्विक व सहकाऱ्यांनी दाखविले होते की पटलातील कोलेस्टेरॉल कमी झाले की पटलाखालच्या ॲक्टिन तंतूंच्या जाळ्याची मांडणीच बदलते आणि पटलातील प्रथिनांची आडवी हालचाल मंदावते. पटल व जाळे यांना जोडणारा जो फॉस्फोलिपिडाचा दुवा, त्याच्या मार्फत हे घडते. या दोन प्रयोगांचे महत्त्व पुढील लेखनात पुरेसे ओळखले गेले नाही. पेशीचा आकार पटल एकटे ठरवीत नाही. पटल आणि त्याखालचे तंतुजाल यांचा तो संयुक्त व्यवहार आहे. तंबूचे कापड सैल झाले म्हणून खांब व दोऱ्या जागच्या जागी राहतील असे येथे नाही. कापडाचा पोत बदलताच दोऱ्या स्वतःहून नव्याने ताणल्या जातात. ‘कोलेस्टेरॉल कमी, म्हणून पटल सैल, म्हणून पेशी चपळ’ ही साखळी त्यामुळे पहिल्याच कडीला तुटते. तिच्या उलट साखळीचीही गत तीच.

आता हालचालीकडे वळावे. एका बाजूचा पुरावा असा. सिमन्स व इकोनेन यांनी १९९७ मध्ये पटलात कोलेस्टेरॉलने समृद्ध असे लहान लहान ‘तराफे’ तरंगत असतात आणि संदेशवाहक प्रथिने त्यांवर एकत्र येतात, ही कल्पना मांडली. स्तनाच्या कर्कपेशी आसपासच्या ऊतकाला भोके पाडण्यासाठी जे बारीक अंकुर काढतात, त्यांच्या निर्मितीला हे तराफे व कॅव्हिओलिन हे प्रथिन आवश्यक असते, असे यामागुची व सहकारी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. ऊतक विरघळविणारे एक एंझाइम आणि त्याच कामातील एक ग्राही प्रथिन हे दोन्ही तराफ्यांत वसतात व तेथेच कर्कपेशीच्या आक्रमणाला उपयोगी पडतात, असे रघू व सहकाऱ्यांचे २०१० मधील प्रतिपादन. मुराई व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मेंदूतील कर्कपेशींचे कोलेस्टेरॉल कमी केले, तेव्हा पेशीला आधाराशी बांधणारे सीडी-४४ हे प्रथिन पटलावरून छाटले गेले आणि पेशींचे सरकणे मंदावले. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले कार्य काहीसे निराळे, पण याच जातीचे आहे. पटलातील कोलेस्टेरॉलची पातळी बदलली की पेशीचे फायब्रोनेक्टिनला चिकटणे, त्यावर सरकणे आणि आतील संदेशव्यवहार ही तिन्ही बदलतात, असे तेथे दिसून आले. बीड १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते त्याच्या राजधानीत हे काम व्हावे हा निव्वळ योगायोग. परंतु मराठवाड्यातील विद्यार्थ्याने या विषयाचा अभ्यास आरंभावयाचा तर त्याला फार दूर जावे लागत नाही, हेही खरे.

एवढ्यावर थांबले तर चित्र स्वच्छ दिसते : कोलेस्टेरॉल काढा, कर्कपेशी थांबेल. आता दुसरी बाजू. झाओ व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये स्तनाच्या कर्कपेशींवर केलेल्या कामातून असे पुढे आले की त्यांचे पटल जितके प्रवाही तितकी दूर पसरण्याची क्षमता अधिक, आणि प्रवाहिता घटविणारी द्रव्ये ही क्षमता कमी करतात. या व्यवहारात कोलेस्टेरॉल पेशीबाहेर टाकणाऱ्या एबीसीए-१ या प्रथिनाचा हात आहे. म्हणजे येथे पटलात कोलेस्टेरॉल राहणे हेच पेशीला आवरणारे ठरते. सुजिता व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये पटलाचा ताण अधिक राखला असता कर्कपेशी जागा सोडीत नाहीत, असे दाखविले. त्यांच्या मांडणीत निर्णायक गोष्ट म्हणजे पटल व तंतुजाल यांची बांधणी, एकट्या कोलेस्टेरॉलचे प्रमाण नव्हे.

दोन्ही बाजूंचे प्रयोग प्रामाणिक आहेत असे गृहीत धरले, आणि तसे न धरण्याचे काही कारण नाही, तर विसंगतीचे मूळ प्रयोगांत नसून प्रश्नात आहे. ‘कोलेस्टेरॉल कर्कपेशीला चालविते की थांबविते?’ हा प्रश्न ‘मीठ स्वयंपाकाला चव आणते की बिघडविते?’ यासारखा आहे. परंतु प्रश्नाकडे वळण्यापूर्वी हत्यारांची तपासणी केली पाहिजे, कारण निम्मा गोंधळ तेथे आहे.

कोलेस्टेरॉल काढण्याचे सर्वांत रूढ हत्यार म्हणजे मेथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन. सात ग्लुकोज घटकांचे हे वलय आतून द्रोणासारखे पोकळ असते आणि त्या पोकळीत कोलेस्टेरॉलचा रेणू बसतो. पेशी त्याच्या द्रावणात अर्धा ते एक तास ठेवल्या की पटलातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग ओढला जातो. अडचण अशी की हा द्रोण निवड करण्यात फारसा काटेकोर नाही. मात्रा वाढली की तो इतर स्निग्ध रेणूही उचलतो. शिवाय तासाभरात पटलाचा एवढा मोठा घटक नाहीसा होणे हा पेशीवर झालेला आघात आहे. त्या आघाताने पेशी गोल झाली, चालावयाची थांबली, तर तो कोलेस्टेरॉलच्या कार्याचा पुरावा की केवळ घायाळ पेशीची अवस्था? याचे उत्तर मिळविण्याची रीत ठाऊक आहे : त्याच पेशींना कोलेस्टेरॉल परत भरून द्यावे व चाल पूर्ववत होते की नाही ते पाहावे, कोलेस्टेरॉल न उचलणारे अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन तुलनेसाठी वापरावे, किती कोलेस्टेरॉल गेले हे प्रत्यक्ष मोजावे. ज्या लेखांत ही तीनही पथ्ये पाळलेली नाहीत, त्यांतील निष्कर्ष कितीही आकर्षक छायाचित्रांनी सजविलेले असोत, ते कच्चे समजले पाहिजेत.

तराफ्यांविषयीचा युक्तिवाद तर पुष्कळदा वर्तुळाकार असतो. एखादी क्रिया कोलेस्टेरॉल काढल्यावर थांबली, म्हणून ती तराफ्यावर घडत होती. आणि तराफा म्हणजे काय, तर कोलेस्टेरॉल काढल्यावर जो मोडतो तो. थंड ट्रायटनमध्ये न विरघळणारा पटलाचा अंश म्हणजे तराफा, ही जुनी व्याख्याही समाधानकारक नाही, कारण थंडी आणि साबणासारखे द्रव्य ही दोन्ही पटलाची मूळ मांडणी बदलतात. जिवंत पेशीतील तराफे, जेथे असतील तेथे, साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाच्या टप्प्याखालचे आहेत. न दिसणाऱ्या वस्तूवर भार टाकण्यास विज्ञानात बंदी नाही. परंतु तिची व्याख्या तिच्या परिणामावरूनच करून मग तोच परिणाम तिचा पुरावा म्हणून पुढे करणे योग्य नव्हे.

दुसरे हत्यार स्टॅटिन वर्गातील औषधांचे. जपानमधील अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून या वर्गातील पहिले द्रव्य वेगळे केले. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. शरीरात कोलेस्टेरॉल बनविणाऱ्या साखळीतील आरंभीचे एक एंझाइम ही औषधे रोखतात. कर्कपेशींवर स्टॅटिन घातले की त्या बहुधा आखडतात, गोल होतात, त्यांचे पाय गळतात. यावरून कोलेस्टेरॉल घटल्याने आकार मोडला असे लिहिले जाते. ही चूक सर्वांत अधिक वेळा होणारी आहे. कारण ती साखळी पुढे दोन वाटांना फुटते. एका वाटेने कोलेस्टेरॉल तयार होते. दुसऱ्या वाटेने लहान स्निग्ध शेपटे तयार होतात, आणि ती शेपटे जोडल्यावाचून ऱ्हो व रॅक यांसारखी प्रथिने पटलाला चिकटत नाहीत. हीच प्रथिने ॲक्टिनच्या तंतूंवर हुकूम चालवितात. म्हणजे पेशीच्या आकाराचा लगाम त्यांच्या हाती. स्टॅटिनने आखडलेल्या पेशींना ती शेपटे तयार स्वरूपात पुरविली की त्या पुष्कळदा पुन्हा पसरतात, कोलेस्टेरॉल कमीच असले तरी. पाटाचे पाणी वरच्या दारेवर अडविले तर खालची दोन्ही शेते कोरडी पडतात; त्यावरून पीक नेमक्या कोणत्या शेताच्या पाण्याने वाळले हे सांगता येत नाही. स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांत कर्करोगाची वाटचाल कशी होते, हा वैद्यकाचा महत्त्वाचा प्रश्न आहे व त्याचा अभ्यास व्हावयास हवा. त्याचे उत्तर होकारार्थी आले तरी पेशीपटलातील कोलेस्टेरॉलविषयीचे प्रतिपादन त्याने सिद्ध होणार नाही.

सीडी-४४ च्या प्रकरणातही असाच एक पेच आहे. मुराई यांच्या प्रयोगात हे प्रथिन छाटले गेल्याने पेशी मंदावली. परंतु त्यापूर्वीच्या लेखनात याच छाटणीला पेशीच्या प्रगतीचे साधन मानलेले आढळते : पाय उचलावयाचा तर जमिनीशी असलेला धागा तोडावाच लागतो. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. चालणाऱ्याला पायाखाली घट्टपणाही हवा आणि पाय सोडविण्याची सोयही हवी. यांपैकी कशाचाही अतिरेक झाला की चाल खुंटते. यावरून कोलेस्टेरॉलचा परिणाम सरळ रेषेत न जाता मध्ये उंच व दोन्ही टोकांना खाली अशा वक्राने जात असावा, असे मानण्यास जागा आहे. तसे असेल तर एकाच मात्रेवर केलेले प्रयोग परस्परविरोधी दिसणे अपरिहार्य आहे, कारण प्रत्येक पेशीकुल त्या वक्रावर निराळ्या जागी उभे असते.

तथापि सर्वांत गंभीर आक्षेप चालीच्या प्रकाराविषयीचा आहे. बहुतेक प्रयोग काचेच्या वा प्लॅस्टिकच्या सपाट बशीवर होतात आणि पेशी किती अंतर गेली एवढेच मोजतात. पेशीला मात्र एकच चाल येत नाही. १९७१ मध्ये ए. एन. भिसे व जे. जे. फ्रीड यांनी संवर्धित भक्षक पेशींवर कोल्चिसीन व व्हिनब्लास्टीन या द्रव्यांचा प्रयोग केला. ही द्रव्ये पेशीतील सूक्ष्मनलिका मोडतात. अपेक्षा पेशी थांबण्याची. प्रत्यक्षात त्यांनी अमीबासारखी चाल धरली. भिसे पुढे मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत कार्य करीत होते, आणि या विषयावरील मराठी संशोधकाचे हे काम आज जितके आठवले जावे तितके आठवले जात नाही. कर्कपेशींच्या बाबतीत हाच धडा २००३ मध्ये वुल्फ, फ्रीडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. तंतुमय जेलमधून वाट काढणाऱ्या कर्कपेशींची ऊतक विरघळविणारी एंझाइमे त्यांनी बंद पाडली. पेशी थांबल्या नाहीत. भिंत फोडता येईना तेव्हा त्यांनी अंग गोल व लवचिक केले आणि फटींतून निसटू लागल्या. आता २००९ व २०१० चे प्रयोग पुन्हा वाचावे. कोलेस्टेरॉल काढल्याने पेशीचे भोके पाडणारे अंकुर नाहीसे झाले, एंझाइमे निकामी झाली, हे मान्य केले तरी त्यावरून सिद्ध होते ते एवढेच की एक चाल बंद झाली. पेशीने दुसरी धरली की नाही, हे सपाट बशीवर कळण्याचा मार्ग नाही. तेथे फटच नसते.

बशीवरील पेशी कोणाच्या, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ऊतकसंवर्धनाची विद्या महाराष्ट्रात फार लवकर आली. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शिकून आलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. याच गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्कातून हेला पेशीकुल निघाले होते. या विषयातील प्रयोगांत नेहमी भेटणारी एमसीएफ-७ व एमडीए-एमबी-२३१ ही स्तनकर्काची कुलेही अमेरिकन रुग्णांची व १९७० च्या दशकाच्या आसपासची. दशकानुदशके बशीत वाढलेल्या या पेशींना वासराच्या रक्तद्रवातून कोलेस्टेरॉल मिळते. त्यांच्या पटलाची घडण त्या खुराकाला जुळलेली असते. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्क आपल्याकडे विशेष. त्यापासून १९९० मध्ये मुंबईत डॉ. सुधा गांगल, भिसे व सहकाऱ्यांनी चार नवी पेशीकुले निर्माण केली. पटल-कोलेस्टेरॉलच्या प्रश्नाला अशा देशी कुलांचा उपयोग करून घेणे हे अमेरिकन कुलांवरील प्रयोगाची आणखी एक आवृत्ती काढण्यापेक्षा अधिक फलदायी होय.

प्रत्यक्ष रुग्णाच्या गाठीत काय आढळते, असे कोणी विचारील. येथे एक साधी गोष्ट आड येते. जिल्ह्याच्या रुग्णालयात वा वैद्यकीय महाविद्यालयात गाठीचा तुकडा तपासावयाचा तर तो अल्कोहोल व झायलीनमधून काढून मेणाच्या ठोकळ्यात बसवितात. ही दोन्ही द्रव्ये स्निग्ध पदार्थ विरघळवितात. पेशींचा आकार, केंद्रकांची ठेवण, गाठीची जात हे सर्व त्या ठोकळ्यात टिकते. पटलातील कोलेस्टेरॉल मात्र धुऊन जाते. वर्षानुवर्षे जपून ठेवलेले ठोकळे या एका प्रश्नापुरते मुके आहेत.

आता बीड. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा जो अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उस्मानाबाद व बीड या जिल्ह्यांच्या संयुक्त नोंदवहीतील प्रमाण देशातील सर्व लोकसंख्याधारित नोंदवह्यांत सर्वांत कमी आहे : वयानुसार समायोजित दर एक लाखास पुरुषांत ३९.५ व स्त्रियांत ४९.४. याच अहवालात मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्याचे पुरुषांचे प्रमाण २६९.४ आहे. या आकड्यांशेजारी वरील प्रयोग ठेवले की एक मोहक अनुमान आपोआप जुळून येते : ज्वारीची भाकरी, करडईचे तेल, अंगमेहनत, म्हणून कोलेस्टेरॉल कमी, म्हणून पेशीपटल शहाणे, म्हणून कर्क विरळा. या अनुमानाची प्रत्येक पायरी निसरडी आहे.

पहिली गोष्ट, पेशीपटलातील कोलेस्टेरॉल ताटातून मोजून येत नाही. शरीर आपले बहुतेक कोलेस्टेरॉल स्वतः बनविते, आणि प्रत्येक पेशी आपल्या गरजेप्रमाणे बनविणे व बाहेरून घेणे यांचा तोल राखते. या नियमनाच्या शोधाबद्दल ब्राऊन व गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्कपेशी हा तोल आपल्या सोयीने बिघडविते हे खरे. पण तो बिघाड तिच्या आतला आहे, भाकरीचा नव्हे. दुसरी, रक्तातील कोलेस्टेरॉल कमी असणे व कर्करोग यांचा संबंध दिसला तरी कार्यकारण उलटे असू शकते, कारण अद्याप न कळलेला कर्कच रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवितो. तिसरी, आहार व कर्क यांना जोडणारा सर्वांत सबळ दुवा २०१३ मध्ये नेल्सन व सहकाऱ्यांनी उंदरांत दाखविला. परंतु तो कोलेस्टेरॉलपासून बनणाऱ्या २७-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल या द्रव्याचा असून इस्ट्रोजेनच्या ग्राहीमार्फत काम करतो. पटलाच्या ताठरपणाशी त्याचा संबंध नाही. तेव्हा पटलवाद्यांना तो आपल्या खात्यावर जमा करता येणार नाही.

चौथी गोष्ट नोंदीची. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि गळीत हंगामाचे पाच-सहा महिने फडावर काढतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, उचल घेतलेली, खाडा पडला की दंड. अशा बाईच्या अंगावर पांढरे जाते, मधूनच रक्त जाते, ही तक्रार तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचावयास अनेक अडथळे आहेत, आणि जो रोग तपासला जात नाही तो नोंदविलाही जात नाही. नोंदवहीतील कमी आकड्यात खरोखरीचे कमी प्रमाण किती आणि न झालेले निदान किती, हे वेगळे केल्याखेरीज त्या आकड्यावर जीवरसायनाचा मनोरा चढविणे उतावीळपणाचे आहे.

आणि या जिल्ह्यात उतावीळपणाला काय किंमत पडते ते २०१९ मध्ये उघड झाले. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. कारणे अनेक होती. पाळीच्या दिवसांतला खाडा, फडावरील अस्वच्छता, अंगावर काढलेले जंतुसंसर्ग. त्यांत ‘पिशवी ठेवलीत तर कॅन्सर होईल’ ही घातलेली भीतीही होती. ज्या जिल्ह्याची नोंदवही देशात सर्वांत कमी कर्करोग दाखविते, त्याच जिल्ह्यात कर्काच्या भयाने निरोगी अवयव गमावले जावे! पेशीच्या चालीविषयीचे एखादे अर्धवट वाक्य येथवर पोहोचले तर ते कोणत्या भीतीला वा कोणत्या औषधाच्या खपाला जाऊन मिळेल, हे लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही.

शेजारचाच दुसरा दाखला याच्या अगदी उलट जातीचा आहे. उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या व बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने पार पडलेल्या चाचणीत खेड्यांचे ५२ समूह पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया घेतल्या होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्काला कारण होणाऱ्या विषाणूसाठी आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने वाढलेल्या अवस्थेतील कर्काचे व त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चाचणीला पेशीपटलाच्या ज्ञानाची गरज पडली नाही. पेशी चालू लागण्यापूर्वी तिला गाठणे एवढेच तिने केले. यावरून पटलाचा अभ्यास निरर्थक ठरत नाही. एकदा पसरलेल्या रोगापुढे ही तपासणी हतबल आहे, आणि तेथे पेशीच्या चालीचे ज्ञान नसेल तर वैद्यकाला वाटच उरत नाही. परंतु कोणत्या ज्ञानाने आज काय साधते आणि कोणत्याने उद्या काय साधू शकेल, यांची गल्लत होता कामा नये.

या विषयात मराठवाड्यातून काही करावयाचे असेल तर ते काम बशीपासून नव्हे, शस्त्रक्रियेच्या टेबलापासून आरंभावे लागेल. तोंडाच्या वा गर्भाशयमुखाच्या गाठीचा जो तुकडा निदानासाठी काढला जातो, त्यातलाच एक लहान अंश, रुग्णाच्या संमतीने, मेणात न बुडविता गोठवून ठेवावा. गाठीचा मध्य आणि ऊतकात घुसणारी तिची कड हे भाग वेगळे ओळखून ठेवावे. कडेवरील पेशींच्या पटलातील कोलेस्टेरॉल मध्यातील पेशींहून कमी की अधिक ते पाहावे. आणि तेच रुग्ण पुढे काही वर्षे, ऊसतोडीवर गेले तरी, नजरेआड होऊ देऊ नयेत. या कामाला लागणारा फिलिपिन हा रंग कोलेस्टेरॉलला धरून चमकतो, पण अतिनील प्रकाशाखाली लवकर फिका पडतो. म्हणून छेद घेणे, रंग चढविणे आणि छायाचित्र काढणे ही तिन्ही कामे एकाच जागी, शक्य तो एकाच दिवशी उरकावी लागतील. नमुना मुंबईला पाठवून आठवड्याने अहवालाची वाट पाहण्याची रीत येथे चालणार नाही.